मुहूर्त साधला, पण नोंदणीचें काय?

दसरा आणि दिवाळीचा पाडवा हे दोन दिवस आमच्या पेठांत मोठ्या उत्साहाचे असतात. नव्या दुकानांच्या चौकटीस झेंडूच्या माळा चढतात, उंबरठ्यावर रांगोळी पडते, वहीच्या पहिल्या पानावर कुंकवाचें स्वस्तिक व 'शुभ लाभ' हीं अक्षरें उमटतात, आणि मालक आल्यागेल्याच्या हातावर पेढा ठेवतो. हा सोहळा पाहून कोणासही समाधान वाटावें, व तें आम्हांसही वाटतें. परंतु पेढा तोंडांत विरघळतो न विरघळतो तोंच आम्ही मालकास एक साधा प्रश्न करितों: "हें दुकान कायद्याच्या दृष्टीनें कोणाचें?" या प्रश्नास जीं उत्तरें मिळतात तीं ऐकून आमच्या समाधानावर विरजण पडतें. कोणी म्हणतो, "आम्हां दोघां मित्रांचें." कोणी म्हणतो, "भावाच्या नांवावर आहे, पण पैसा माझा." कोणी म्हणतो, "तूर्त बायकोच्या नांवावर घातलें आहे." आणि पुष्कळजण म्हणतात, "तें मागाहून पाहूं. आधीं गिऱ्हाईक तर येऊं द्या." मुहूर्त पळापळाचा हिशेब करून काढलेला असतो, पण ज्या कागदावर पुढील वीस वर्षांची भिस्त, त्याचा मात्र कोठें पत्ता नसतो.

आज याच विषयावर लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे. विषय रूक्ष आहे हें आम्ही जाणून आहों. परंतु ज्या रूक्ष गोष्टीकडे दुर्लक्ष केल्यामुळें मित्रांचें वैर होतें, भावाभावांच्या घरांत भिंती पडतात, आणि विधवेच्या हातीं दुकानाच्या किल्ल्यांऐवजीं देणेकऱ्याच्या नोटिसा येतात, ती गोष्ट रूक्ष म्हणून टाळणें हें वर्तमानपत्राचें काम नव्हे.

नोंदणी टाळणारांचीं समर्थनें पाहूं गेल्यास तीं तीन प्रकारचीं आढळतात. पहिलें, "आमचा एकमेकांवर विश्वास आहे, कागद कशाला?" दुसरें, "धंदा अद्यापि लहान आहे. वाढला म्हणजे पाहूं." तिसरें, "सरकारी कचेरीची पायरी चढणें म्हणजे विकतचें दुखणें." या तिन्हींत थोडाबहुत सत्यांश आहे, म्हणूनच तीं इतकीं वर्षें टिकून आहेत. तेव्हां त्यांचा क्रमानें विचार करूं.

विश्वासाचें बोलणें कानांस गोड लागतें. परंतु आमच्या लोकांची या बाबतींतील रीत मोठी चमत्कारिक आहे. लग्न ठरतांना याद्या करावयाच्या, मानपानाच्या साड्या कोणीं कोणास द्यावयाच्या, जेवणावळीचा खर्च कोणीं सोसावयाचा, हें सर्व चारचौघांसमक्ष लिहून त्यावर सह्या घ्यावयाच्या, यांत कोणास अविश्वास दिसत नाहीं. पण आठ-दहा लाखांच्या भांडवलाची भागी ठरवितांना कोणीं कागद मागितला कीं तो मनुष्य हलक्या मनाचा ठरतो! खरें पाहतां कागद हा अविश्वासासाठीं नसून विस्मरणासाठीं असतो. मनुष्य खोटें बोलतो त्याहून अधिक वेळां तो विसरतो. आणि विसरतांना प्रत्येकजण आपल्या सोयीचें तेवढें लक्षांत ठेवितो.

समजा, दोन मित्रांनीं मिळून विजेच्या सामानाचें दुकान काढलें. एकानें सहा लाख रुपये घातले; दुसऱ्यानें दोन लाख घातले व दिवसभर गल्ल्यावर बसण्याचें पतकरलें. नफा कसा वांटावयाचा हें चहा पितां पितां ठरलें. तीन वर्षें बरीं गेलीं. पुढें एका बांधकाम-कंत्राटदाराकडे नऊ लाखांची उधारी अडकली, व तो आज देतों, उद्यां देतों, असें करूं लागला. दोघे मित्र वकिलाकडे गेले. वकिलानें जो पहिला प्रश्न विचारला तो माल पोंचल्याच्या पावतीचा नव्हता. भागीच्या नोंदणीचा होता. नोंदणी नव्हती. १९३२ च्या भारतीय भागीदारी अधिनियमाचें ६९ वें कलम अशा वेळीं आडवें उभें राहतें. नोंदणी न झालेल्या भागीस, करारावरून मिळालेला हक्क बजावण्यासाठीं, तिऱ्हाइतावर दावा लावितां येत नाहीं. आणि तिच्यांतील भागीदारास त्या नात्यानें आपल्या भागीवर किंवा सोबत्यावरही दावा लावितां येत नाहीं. शंभर रुपयांपर्यंतच्या मागणीस सूट आहे; पण शंभर रुपयांसाठीं आज कोर्टाची पायरी कोण चढतो? याच्या उलट, तिऱ्हाइतास त्या भागीवर दावा लावण्यास या कलमाची कोणतीही आडकाठी नाहीं. म्हणजे देणें असेल तेव्हां कायदा तुम्हांस ओळखतो, आणि येणें असेल तेव्हां ओळखत नाहीं!

कोणी म्हणेल कीं, दाव्यापूर्वीं नोंदणी उरकून घेतली म्हणजे झालें. होय, तसें करितां येतें. परंतु अर्जावर सर्व भागीदारांच्या सह्या लागतात. आणि ज्या दिवशीं नोंदणीची आठवण होते तो दिवस बहुधा भागीदारांत बेबनाव झाल्यानंतरचाच असतो. रुसलेल्या सोबत्याची सही कोण आणून देणार? शिवाय विकलेल्या मालाच्या पैशाच्या दाव्यास तीन वर्षांची मुदत आहे, आणि ती मुदत कोणाचा रुसवा निघेपर्यंत थांबत नाहीं.

बरें, कंत्राटदाराचा प्रश्न बाजूस ठेवूं. दोघांतच वांकडें आलें तर? सहा लाख घालणारा म्हणतो, "माझा वांटा तीन चतुर्थांश." गल्ल्यावर बसणारा म्हणतो, "कष्ट माझे, म्हणून निम्मा माझा." अशा वेळीं जेथें करार मुका तेथें कायदा बोलतो, आणि कायदा म्हणतो कीं, उलट ठराव नसेल तर नफा समसमान व तोटाही समसमान. देणेकऱ्यांचें तर बोलावयासच नको. भागीच्या सबंध कर्जाची जबाबदारी प्रत्येक भागीदाराच्या डोक्यावर असते; एकाजवळ कांहीं उरलें नाहीं तर दुसऱ्याचें राहतें घरही त्यांतून सुटत नाहीं. महाराष्ट्रांत तर १९८४ च्या एका दुरुस्तीनें, नोंदणी नसलेल्या भागीच्या भागीदारास भागी मोडून हिशेब मागण्याचा मार्गही बंद करून टाकिला होता. २००९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती दुरुस्ती घटनेच्या विरुद्ध ठरविली, तेव्हां तो मार्ग पुन्हां मोकळा झाला. याचें तात्पर्य ध्यानांत घेण्यासारखें आहे: केवळ विश्वासावर चाललेल्या भागींत भागीदारास सोबत्याविरुद्ध कोर्टांत बजावण्यासारखा जो मुख्य हक्क उरतो तो दुकान मोडण्याचा, चालविण्याचा नव्हे.

म्हणून भागीपत्र लिहावें, योग्य मुद्रांकावर लिहावें, आणि भागीदारी संस्थांच्या निबंधकाकडे त्याची नोंदणी करावी. त्यांत काय असावें? कोणीं किती भांडवल घातलें, नफातोट्याचें प्रमाण काय, श्रम करणारास वेतन द्यावयाचें कीं नाहीं, बँकेच्या खात्यावर सही कोणाची, किती रकमेपुढें दोघांचीही संमति लागेल, एकास बाहेर पडावयाचें झाल्यास किती दिवस आधीं कळवावें व त्याचा वांटा कोणत्या रीतीनें मोजावा, हें सर्व स्पष्ट असावें. आणि ज्या गोष्टीचा उच्चार अशुभ म्हणून आम्ही टाळतों ती तर आधीं लिहावी: एकजण मरण पावला तर काय? कायदा म्हणतो, उलट ठराव नसेल तर भागीदाराच्या मृत्यूबरोबर भागी संपते. आणि भागीदार दोघेच असतील तर ठराव असूनही ती संपतेच, कारण एकट्याची भागी होत नाहीं. मग उरलेल्या मित्रानें मृताच्या घरीं काय व केव्हां द्यावें हें कागदांत नसलें म्हणजे, ज्या वहिनीच्या हातचें दहा वर्षें जेवलों तिच्याशींच कोर्टांत उभें राहण्याचा प्रसंग येतो. दुकान उघडण्याच्या दिवशीं मृत्यूचें नांव काढणें अशुभ, अशी ज्यांची समजूत असेल त्यांस आमचें एवढेंच विचारणें आहे कीं, हा दुसरा प्रसंग शुभ आहे काय?

आतां दुसरें समर्थन. "धंदा लहान आहे." यांतील सत्यांश असा कीं, प्रत्येक धंद्यास प्रत्येक नोंदणी लागत नाहीं, आणि पानाच्या गादीवाल्यानें लिमिटेड कंपनी काढणें हा शहाणपणा नव्हे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १८८८ सालीं बेळगांवांत सायकलींचें दुकान काढलें. १९१० सालीं औंध संस्थानांतील माळरानावर किर्लोस्करवाडी वसली. आणि किर्लोस्कर बंधूंच्या धंद्याची लिमिटेड कंपनी झाली ती १९२० सालीं. दुकानापासून कंपनीपर्यंत बत्तीस वर्षें लागलीं. अंगरखा अंगाच्या मापानें शिवावा, आणि अंग वाढलें म्हणजे नवा शिवावा, हाच या उदाहरणाचा अर्थ. परंतु अंगरखा लहान असला तरी तो असावा लागतो! लहान धंद्यास लहान नोंदणी पुरते. पण धंदा लहान म्हणून नोंदणीच नको, हें त्यावरून निघत नाहीं.

तेव्हां मापें कोणतीं तें थोडक्यांत सांगतों. एकट्याचा धंदा असेल तर तो व त्याचा मालक कायद्यास एकच. धंद्याचें कर्ज तें मालकाचें कर्ज. दोघे किंवा अधिक मिळून, पण घरगुती रीतीनें काम करावयाचें असेल तर भागी. जबाबदारीस मर्यादा पाहिजे, पण कंपनीचा सारा व्याप नको, अशांसाठीं २००८ च्या कायद्यानें मर्यादित दायित्वाची भागीदारी निर्माण केली. तीस निदान दोघेजण लागतात. बाहेरचें भांडवल घ्यावयाचें असेल, किंवा धंदा मालकांच्या हयातीपुढें चालावयाचा असेल, तर २०१३ च्या कायद्याखालील कंपनी. त्याच कायद्यानें एकट्या मनुष्यासही कंपनी काढण्याची सोय झाली आहे. मर्यादित दायित्व ही मोठी सोय खरी. पण तिच्या नांवावर कोणीं फसूं नये. बँक कर्ज देतांना संचालकांची जातीनें हमी लिहून घेते, आणि जेथें अशी हमी दिली तेथें त्या कर्जापुरती मर्यादा संपली.

येथें एक इशारा देणें आम्हांस अवश्य वाटतें. नोंदणी हा प्रामाणिकपणाचा दाखला नव्हे. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें १८६१ पासून मुंबईच्या कापसास सोन्याचा भाव आला, पैशाचा पूर लोटला, आणि समुद्र हटवून जमीन काढण्यापासून नाना प्रकारच्या कंपन्यांचें पेव फुटलें. त्या कंपन्यांना नांवें होतीं, कचेऱ्या होत्या, छापील भाग होते. १८६५ सालीं युद्ध संपलें, कापूस उतरला, आणि त्या भागांची रद्दी झाली. मुंबई बँकेसारखी बँकही १८६८ सालीं गुंडाळावी लागली. नोंदणीनें धंद्याचें नांव व उत्तरदायी मनुष्य जगास कळतो; त्या मनुष्याची नियत कळत नाहीं. म्हणून नोंदणीचा कागद भिंतीवर टांगला म्हणजे आपलें कर्तव्य संपलें, असें कोणीं समजूं नये. तें तेथें सुरू होतें.

आतां प्रत्यक्ष तयारीचा क्रम. आमच्या पाहण्यांत असें येतें कीं लोक आधीं जागा घेतात, मग पाटी रंगवितात, मग माल भरतात, आणि सर्वांत शेवटीं, एखाद्या अधिकाऱ्यानें विचारल्यावर, कागद गोळा करूं लागतात. हा क्रम अगदीं उलटा आहे. पहिल्यानें नांव ठरवावें, आणि तें दुसऱ्या कोणाचें नोंदलेलें व्यापारचिन्ह नाहीं ना, हें पाहावें. पाटी रंगविल्यानें किंवा कराचा क्रमांक मिळाल्यानें नांवावर मालकी येत नाहीं. त्यासाठीं १९९९ च्या व्यापारचिन्हांच्या कायद्याखालील नोंदणी आहे, ती दहा वर्षें चालते व पुढें वाढवितां येते. दुसरें, जागेचा करार लेखी असावा, व त्यांत ती जागा धंद्यासाठीं दिली आहे असें स्पष्ट लिहिलेलें असावें. तिसरें, बँकेंत धंद्याचें निराळें खातें उघडावें. हा उपाय सर्वांत सोपा, आणि सर्वांत कमी पाळला जाणारा आहे. ज्या गल्ल्यांतून घरचा किराणा, मुलांची फी आणि गिऱ्हाइकाची मोड ही सर्व एकाच हातानें निघतात, त्या गल्ल्याचा मालक आपण कमावितों कीं गमावितों हें वर्षअखेरपर्यंत जाणत नाहीं. आमचे जुने पेढीवाले रोजकीर्द व खतावणी रोजच्या रोज लिहून मगच दिवा मालवीत. त्यांची पगडी आम्हीं टाकिली तें ठीकच झालें. त्यांची रोजकीर्द टाकावयास नको होती.

चौथें, दुकानाची नोंद. महाराष्ट्रांत २०१७ च्या दुकानें व आस्थापनांच्या कायद्याप्रमाणें नोकरांची संख्या कमी असल्यास केवळ सूचना द्यावी लागते, व अधिक असल्यास नोंदणी करावी लागते. खाण्याचे पदार्थ करणारास किंवा विकणारास, मग तो मोठा हलवाई असो कीं घरीं डबे करून देणारी बाई असो, २००६ च्या अन्नसुरक्षेच्या कायद्याखालीं धंद्याच्या मानानें नोंदणी किंवा परवाना लागतो. पांचवें, वस्तु व सेवा कर. १ जुलै २०१७ पासून हा कर सुरू झाला. आमच्या राज्यांत केवळ माल विकणाराची वार्षिक उलाढाल ४० लाखांपुढें, व सेवा देणाराची २० लाखांपुढें गेली म्हणजे नोंदणी सक्तीची होते. आणि परराज्यांत माल विकावयाचा असेल तर सामान्यतः ही सूट लागू पडत नाहीं. मर्यादेच्या आंतील मनुष्यासही स्वेच्छेनें नोंदणी घेतां येते, व मोठ्या व्यापाऱ्यांस माल पुरविणारास ती फायद्याची पडते, कारण खरेदीवर भरलेला कर वजा मिळतो. पण केवळ मोठेपणासाठीं ती घेऊं नये. एकदां घेतली म्हणजे विक्री शून्य असली तरी विवरणपत्रें भरावींच लागतात.

सहावें, 'उद्यम' नोंदणी. १ जुलै २०२० पासून सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीं ती सुरू झाली. तिचें महत्त्व केवळ कर्जापुरतें नाहीं. २००६ च्या कायद्याप्रमाणें सूक्ष्म किंवा लघु उद्योगानें पुरविलेल्या मालाचे किंवा सेवेचे पैसे, लेखी करारांत कितीही मुदत घातली तरी, ४५ दिवसांपलीकडे ठेवितां येत नाहींत. ठेविल्यास बँकदराच्या तिप्पट दरानें, दरमहा चक्रवाढीनें, व्याज द्यावें लागतें, आणि तक्रार ऐकण्यासाठीं निराळी परिषद आहे. आपल्या पेठेंत लहान कारखानदार मोठ्या गिऱ्हाइकाच्या दारांत सहा सहा महिने हेलपाटे घालतो, त्यास हें शस्त्र हातीं असल्याची पुष्कळदां वार्ताही नसते. मात्र किरकोळ व घाऊक व्यापाऱ्यांनीं हें नीट समजून घ्यावें कीं, २०२१ पासून त्यांसही या नोंदणींत स्थान मिळालें तें बँकांच्या अग्रक्रमाच्या कर्जापुरतेंच. ४५ दिवसांचें संरक्षण त्यांस त्यावरून मिळत नाहीं. अर्धवट माहितीवर भरंवसा ठेवून उधारी वाढविण्यापेक्षां ही गोष्ट आधीं कळलेली बरी.

आतां तिसरें समर्थन, म्हणजे सरकारी जाच. येथें मात्र आम्ही व्यापाऱ्यांस सर्वस्वीं दोषी धरूं शकत नाहीं. 'उद्यम' नोंदणी सरकारनें विनामूल्य ठेविली आहे. वस्तु व सेवा कराच्या नोंदणीसही सरकारी फी नाहीं. असें असतां, सरकारी दिसणाऱ्या संकेतस्थळांवरून, व कचेरीच्या बाहेर खुर्ची टाकून बसलेल्या मध्यस्थांकडून, याच फुकट कामासाठीं हजारों रुपये उकळले जातात. हे मध्यस्थ जगतात कशावर? लोकांच्या अज्ञानावर, हें तर खरेंच. पण अर्जाच्या दुर्बोध भाषेवर आणि कचेरींतील मौनावरही ते जगतात. आमच्या एका परिचितांचा अर्ज एका कचेरीनें तीन वेळां परत केला. तिन्ही वेळां कारण निराळें, आणि तिन्ही कारणें पहिल्याच खेपेस सांगतां आलीं असतीं. कायद्यानें सोपी केलेली वाट खिडकीपाशीं येऊन अशी अवघड होते.

सरकारापाशीं आमचें मागणें मोठें नाहीं. जो कागद एका खात्यापाशीं आहे तो दुसऱ्या खात्यानें पुन्हां मागूं नये. अर्जांतील उणिवा एकाच वेळीं, लेखी व मराठींत कळवाव्या. कोणत्या कामास फी नाहीं हें कचेरीच्या दारावर ठळक अक्षरांत लिहावें. तालुक्याच्या गांवीं आठवड्यांतून एक दिवस जाणता मनुष्य बसवावा. एवढें झालें तर नोंदणीची सक्ती करण्याचें पुष्कळसें कारणच उरणार नाहीं. लोक आपण होऊन येतील. परंतु कचेरी वाईट म्हणून नोंदणी नको, असें म्हणणें हें रस्त्यांत खड्डे आहेत म्हणून घरांतून बाहेर न पडण्यासारखें आहे. खड्ड्यांबद्दल ओरड करावी, आणि चालावेंही.

शेवटीं ज्या गोष्टीसाठीं हा लेख लिहिण्याचें आम्हांस विशेष अगत्य वाटलें तिच्याकडे वळतों. "तूर्त बायकोच्या नांवावर घातलें आहे," हें उत्तर आम्हीं आरंभीं दिलें आहे. तें देणारे गृहस्थ बहुधा हंसत हंसत देतात. आपण नोकरींत असल्यामुळें, किंवा स्त्रियांसाठीं असलेल्या सवलतीचा लाभ घ्यावयाचा म्हणून, दुकानाची मालकीण पत्नी होते. तिच्यापुढें कागद ठेविला जातो, बोटानें जागा दाखविली जाते, आणि ती सही करिते. दुकानांत ती पाऊल टाकीत नाहीं, वही तिनें कधीं पाहिलेली नसते, आणि बँकेच्या खात्यावर जमाखर्च किती हें तिला कोणी सांगत नाहीं. परंतु कायदा तिला मालकीण समजतो. कराची थकबाकी तिच्यावर, बँकेचें कर्ज तिच्यावर, आणि धनादेश परत आला तर ज्यावर तिची सही त्याचा फौजदारी खटलाही तिच्यावर! नफा नवऱ्याचा आणि जबाबदारी बायकोची, अशी ही मालकी आहे. ज्या समाजानें शेंकडों वर्षें स्त्रीस मालमत्ता दिली नाहीं, त्यानें आतां तिला दिलें काय, तर कर्ज!

आमचें म्हणणें असें नाहीं कीं स्त्रीच्या नांवें दुकान असूं नये. असावें, आणि पुष्कळ असावें. परंतु ज्या दुकानावर तिचें नांव त्याच्या किल्ल्या, वह्या व खातें हींही तिच्या हातीं असावीं. जी सही करणार तिनें कागद वाचलेला असावा. वाचतां येत नसेल तर तिच्या विश्वासाच्या मनुष्यानें तो तिला वाचून दाखविलेला असावा. एवढें करण्याची ज्याची तयारी नसेल त्यानें आपला धंदा आपल्याच नांवावर चालवावा, किंवा चालवूंच नये. तीच गोष्ट मुलींची. २००५ च्या दुरुस्तीनें हिंदु एकत्र कुटुंबाच्या वडिलार्जित मालमत्तेंत मुलगी जन्मतः मुलाच्या बरोबरीची हक्कदार झाली, व २०२० सालीं सर्वोच्च न्यायालयानें हा हक्क नि:संदिग्ध करून सांगितला. तरीही वडिलोपार्जित पेढीचें रूपांतर भागींत किंवा कंपनींत करतांना सर्व मुलगे भागीदार होतात, आणि मुलीकडून 'हक्क सोडला' अशा कागदावर, भाऊबिजेच्या ओवाळणीच्या भरांत, सही घेतली जाते. ती सही आनंदानें दिलेली असेल तर आमचें कांहीं म्हणणें नाहीं. परंतु ती देण्यापूर्वीं पेढीची किंमत किती हें तिला कोणी सांगितलें होतें काय?

नोंदणीचा कागद हा या दृष्टीनें केवळ सरकारचा कागद नाहीं. घरांत कोणास माणूस म्हणून मोजलें जातें, आणि कोणास केवळ सहीपुरतें, याचा तो आरसा आहे. जो व्यापारी भागीपत्रांत मित्राच्या विधवेचा वांटा लिहितो, पत्नीस वही दाखवितो, बहिणीस पेढीची किंमत सांगून मग सही मागतो, त्यानें कायदा पाळला एवढेंच नव्हे. त्यानें आपलें घर सुधारलें. सुधारणा म्हणजे सभेंतील व्याख्यान अशी ज्यांची समजूत असेल त्यांस आम्ही सुचवितों कीं, ती पुष्कळदां दुकानाच्या कपाटांतील एका कागदांत असते.

व्यापारी संघांनीं या कामीं पुढाकार घ्यावा. प्रत्येक संघानें महिन्यांतून एक संध्याकाळ नव्या दुकानदारांसाठीं राखून ठेवावी; एक वकील व एक हिशेबनीस बोलावून भागीपत्राचा मराठी नमुना त्यांच्या हातीं द्यावा; आणि संघाचें सभासदत्व देतांना वर्गणीबरोबर "नोंदणी केली काय?" हाही प्रश्न विचारावा. यास पैसा फारसा लागत नाहीं. लागते ती इच्छा.

आणि पाडव्याच्या मुहूर्तावर दुकान काढणाऱ्या आमच्या वाचकांस एकच विनंति. वहीची पूजा अवश्य करा. परंतु त्या चौरंगावर वहीच्या शेजारीं सर्वांच्या सह्या झालेलें भागीपत्र व नोंदणीचा दाखलाही ठेवा. त्यावरही हळदकुंकू वाहा. आणि पूजा आटोपल्यावर, पेढे वांटण्यापूर्वीं, तो कागद घरांतील सर्वांस, स्त्रियांसह, एकदां मोठ्यानें वाचून दाखवा.